खोक्याचं इंजिन

उकंडाभाऊ मिस्त्री कुठल्याही गाडीचं बोनेट उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "घरात कोनी हाय का?" मग कान तिरपा करून क्षणभर थांबायचे, "हाय म्हनते," असं स्वतःच सांगायचे आणि मगच खिटीला हात घालायचे. ट्रॅक्टर असो, शाळेची व्हॅन असो की नव्या डॉक्टरची चकचकीत मोटार, दारावर थाप न मारता ते कधी आत शिरले नाहीत. हा काय प्रकार, म्हणून मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात न सांगता घुसत असते का मानूस? इंजिनले बी लाज असते, मास्तर."

हे वाचताना तुम्हाला हसू आलं असेल तर माझी तक्रार नाही. मीही हसलो होतो. नुसता हसलो असतो तर बरं झालं असतं.

मी कारंज्यात एका शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात, कुणी बोलावलं तर आणि पुष्कळदा न बोलावताही, नकला करतो. गणपती, निरोप समारंभ, कुणाची एकसष्टी. माईक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. माझी बायको सुनंदा म्हणते, न्हाव्याचं लक्ष जसं समोरच्याच्या डोक्याकडे, तसं यांचं समोरच्याच्या बोलण्याकडे. तिचं खरं आहे. आणि उकंडाभाऊंसारखं डोकं मला पुन्हा मिळायचं नव्हतं.

त्यांचं गॅरेज कारंज्याहून कामरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्यांचं घर, मधे एक कडुनिंब. स्वतः उंच, काटकुळे. चष्म्याला दोरी, कानावर पेन्सिल आणि अंगात पांढरा सदरा. मिस्त्री आणि पांढरा सदरा, हे ऐकूनच लोक बघायला यायचे. दिवसभर ग्रीस आणि ऑइलात हात घालून हा माणूस संध्याकाळी सकाळइतकाच पांढरा. "डाग पडला म्हनजे हात घाईत होता," ते म्हणायचे. घाई हा त्यांच्या दृष्टीने एक रोग होता, आणि साऱ्या जगाला तो झालेला होता.

आमच्या घरी बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, पांढरी डिझेल अ‍ॅम्बेसेडर होती. बापू कापसाचे दलाल. उकंडाभाऊ तरुणपणी पान्यांची एक पिशवी घेऊन गावात आले, तेव्हा त्यांच्या हातात कुणी सायकलही देत नव्हतं. बापूंनी मोटारीची किल्ली दिली, बाजूला खाट टाकली, तीवर बसले आणि म्हणाले, "उघड." ही गोष्ट उकंडाभाऊ दर महिन्याला एकदा तरी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "त्या गाडीनं मले मिस्त्री केलं, नाईतं मी येडा, बह्याडच राह्यलो असतो."

बापू गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गाडीच्या इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला. दुरुस्तीत अर्थ नव्हता. बापू अंथरुणावर होते. उकंडाभाऊ भेटायला आले, तेव्हा बापू त्यांचा हात धरून म्हणाले, "उकंडा, गाडी भंगारात जाऊ देऊ नको." "नाई जाऊ देत," उकंडाभाऊ म्हणाले. दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. मला जरा राग आला, पण गाडी शेवटी त्यांच्या दोघांचीच होती.

त्यानंतर तीन वर्षं गाडी आमच्या अंगणात उभी राहिली. मागच्या सीटवर शेजारच्या कोंबडीने संसार थाटला. मग एका फाल्गुनात उकंडाभाऊ आले, बोनेटवर टकटक केली, "घरात कोनी हाय का?" विचारलं, कान लावला आणि म्हणाले, "नाई म्हनते." मग माझ्याकडे वळले. "दुसरं इंजिन पाह्य लागंन, मास्तर. तुमची पोच किती?"

माझी दोन पोरं बाहेरगावी शिकत होती. मी माझी पोच एका वाक्यात सांगितली. गाडी चालू झाली पाहिजे आणि सुनंदाला कळता कामा नये.

"मंग बाजारातलं इंजिन नाई परवडत," ते गंभीरपणे म्हणाले. "कोनाच्या घरी उपवर असंन तं पाहू."

अशी उपवर त्यांच्या पाहण्यात होती. इंझोरीला देवमनभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर एका जुन्या टेम्पोचं डिझेल इंजिन पाणी उपसत होतं. टेम्पो कधीकाळी नाल्यात गेला होता. त्याच्या टपात आता बकऱ्या राहत होत्या आणि इंजिन विहिरीवर कामाला लागलं होतं. वर्षानुवर्षं त्याची देखभाल उकंडाभाऊंनीच केली होती. देवमनभाऊंनी सौर पंपासाठी अर्ज केला होता. पंप आला की इंजिन मोकळं. मग ते भंगाराच्या भावात द्यायचं, असं दोघांचं बांधावर बसून ठरलं.

"आणि पंप येईपर्यंत?" मी विचारलं.

"येईलोक माप घेऊ."

"माप घ्यायला किती दिवस लागतात?"

उकंडाभाऊंनी चष्मा पुसला. "आधी घर मोजा, मंग सून आना. लोक काय करतेत, इंजिन आनतेत अन् मंग घन घेऊन उभे राह्यतेत. इकून ठोक, तिकून काप. गाडी काय बोलत नाई, पन जन्मभर कन्हत राह्यते."

मापासाठी आम्ही जीपने इंझोरीला गेलो. मला वाटलं होतं, ते फीत आणतील. त्यांनी खिशातून सुतळी काढली. इंजिन धडधडत पाणी ओढत होतं आणि हे त्याच्याभोवती शिंप्यासारखे फिरत होते. लांबी झाली, एक गाठ. उंची झाली, दुसरी गाठ. फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या पायांचं अंतर, आणखी गाठ. देवमनभाऊ बांधावर तंबाखू मळत होते.

"काहून रे उकंडा, ब्लाउज शिवून राह्यला का तिले?"

"तुया टेम्पोले कोनी माप घेऊन चालोलं असतं तं नाल्यात गेला नसता," उकंडाभाऊ मान न वळवता म्हणाले.

"फीत का नाही वापरत?" मी विचारलं.

"फितीवरचा आकडा घरी जाईलोक डोक्यात बदलते. गाठ नाई बदलत."

त्या दिवशी मी परतीच्या जीपमध्ये त्यांची ती चाल, ती मान, तो सुतळी ताणणारा अंगठा, सगळं मनात टिपून घेतलं. कशासाठी ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. पण न्हाव्याने कात्री परजायला सुरुवात केली होती.

गाडी ओढत गॅरेजवर नेली. जुनं इंजिन उतरवलं. आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कुठल्या मिस्त्रीकडे पाहिलेलं नाही. कृषी केंद्रातून बियाण्यांची रिकामी खोकी आणली, आंब्याच्या पेट्या फोडून पट्ट्यांचा सांगाडा केला, मैद्याची खळ शिजवली आणि गाठींच्या मापाने खोक्याचं इंजिन बनवायला बसले. खरंखुरं, पूर्ण मापाचं. खालचं ऑइलचं चेंबर, पुढचा पंखा, बाजूचा फ्यूल पंप, सगळं पुठ्ठ्याचं. एका अंगाला कपाशीच्या बोंडाचं चित्र आणि दुसऱ्या अंगाला "थंड व कोरड्या जागी ठेवा". तीन आठवडे हे चाललं. मधे ट्रॅक्टर यायचे, व्हॅन यायच्या, त्यांची कामं व्हायची आणि हे पुन्हा खोक्याकडे.

मग ते इंजिन कडुनिंबाला टांगलेल्या चेनकप्पीने, जणू पाच माणसांचं वजन आहे अशा बेताने, गाडीत उतरवलं. दोन किलोचा ऐवज. मी हसू दाबत साखळी धरून उभा.

"भाऊ, हातानं ठेवलं असतं की."

"खरं इंजिन हातानं ठेवसान का? मंग याले काहून हातानं? साखळी कुठी अडते ते आजच समजू द्या."

आणि साखळी खरंच बोनेटच्या बिजागरीला अडली. त्यांनी पेन्सिलीने खूण केली.

शेवटची तपासणी बोनेटची. ते बंद करताना आतलं इंजिन वर लागतं का, हे पाहायचं कसं? त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "गोदे, कनिक आन." गोदामाय, त्यांची बायको, परात घेऊनच बाहेर आली.

"पोया कराले बसली मी अन् यायले कनिक पायजे. इंजिन जेवते का तुमचं?"

"लिंबाएवढे चार गोळे दे."

"एवढी कनिक मले कधी मांगतली नाई खायले. मास्तर, तुमची गाडी मह्या घरचं पीठ खाऊन राह्यली, सांगून ठेवतो."

चार गोळे खोक्यावर चार ठिकाणी ठेवले, बोनेट हलकेच बंद केलं, पुन्हा उघडलं. गोळे चपटे झाले होते. प्रत्येकावर आडवं बोट ठेवून त्यांनी जाडी पाहिली. तीन ठिकाणी बोटभर जागा होती, चौथ्या ठिकाणी अर्धंच बोट. "इथी खाली घ्या लागंन," ते म्हणाले आणि इंजिनचे पाय कमी करायला बसले. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. गोदामायने शेवटी एक गोळा रोज आधीच वेगळा काढून ठेवायला सुरुवात केली.

पावसाळ्यात उंदरांनी मैद्याच्या खळीचा वास काढला आणि खोक्याच्या इंजिनचा फ्यूल पंप खाऊन टाकला. उकंडाभाऊंनी मला निरोप धाडला, "मास्तरले सांगा, फ्यूल पंप उंदरानं खाल्ला, काम आठ दिवस मांगं गेलं." हा निरोप ज्या माणसाने आणला त्याला तो सांगताना हसू आवरत नव्हतं. आणि मला, खरं सांगतो, असा आनंद झाला की काय बोलावं. माझ्या नकलेला शेवट मिळाला होता.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी "खोक्याचं इंजिन" केलं. टेबलावर दोनदा टकटक. "घरात कोनी हाय का?" मग टेबलाखालून बारीक आवाजात, "हावो, आमी उंदरं हावो. फ्यूल पंप जेवून राह्यलो. तुमी बी बसा." लोकांनी हसून मांडव डोक्यावर घेतला. मी सुतळी ताणली, गाठी मारल्या, परात आणवली, कणीक बोनेटला चारली. पंधरा मिनिटं लोक खुर्च्यांवर आडवे झाले होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत यशस्वी कार्यक्रम होता, हे मला आजही नाकारता येत नाही.

तिसऱ्या रांगेत उकंडाभाऊ आणि गोदामाय बसले होते. मीच आग्रहाने बोलावलं होतं. ते हसत होते. पण हसताना ते आजूबाजूच्या लोकांकडे बघत होते, किती हसायचं ते विचारल्यासारखे. गोदामाय समोर बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी जरा धास्तीतच गॅरेजवर गेलो. ते म्हणाले, "चांगली केली. पन तुमी सुतळीले सात गाठी मारल्या. नऊ हायेत." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "नक्कल करायची तं करा, मास्तर, पन माप बरोबर घ्या." मी सुटकेचा निःश्वास सोडला. तक्रार इतकीच असेल तर ठीक आहे, असं मी समजलो. समजायला तेच सोयीचं होतं.

कुणीतरी त्या नकलेचा व्हिडिओ काढला होता. तो पंधरा दिवसांत कारंज्यापासून कामरगावपर्यंत प्रत्येक मोबाइलवर पोचला. चहाच्या टपरीवर मला लोक हात मिळवू लागले. तिकडे गॅरेजवर पोरं मोटारसायकलवर यायची, शेडच्या पत्र्यावर दोनदा टकटक करायची, "घरात कोनी हाय का?" ओरडायची आणि पळून जायची. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "भाऊ, मले बी खोक्याचंच बसवून देता का? डिझेल वाचंन." शाळेच्या व्हॅनवाल्याने आपल्या चारही व्हॅन दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. तो काही वाईट माणूस नव्हता. मला म्हणाला, "सर, पोरांच्या मायबापांनी व्हिडिओ पाह्यला. ते म्हनतेत, गाडीत उंदीर पाळनारा मिस्त्री तुमी ठेवता कसा." मी त्याला समजावलं, की ती निव्वळ गंमत होती. तो म्हणाला, "मले मालूम हाय. त्याइले कोन सांगंन?"

मीच सांगायला हवं होतं. एका कार्यक्रमात उभा राहून मी पाच मिनिटं सांगू शकलो असतो, की हा माणूस खोक्याचं इंजिन का करतो. पण लोकांना सांगणं नको असतं, उंदीर हवा असतो. दिवाळीच्या कार्यक्रमात फर्माईश झाली आणि मी तीच नक्कल पुन्हा केली. तेव्हाही सातच गाठी मारल्या. नऊ मारल्या असत्या तर वेळ वाढला असता आणि हशा पातळ झाला असता.

मार्गशीर्षात देवमनभाऊंचा फोन आला. सौर पंप बसला होता. "इंजिन न्या बावा, मले जागा पायजे." मी आनंदाने गॅरेजवर धावलो. उकंडाभाऊ म्हणाले, "थंडी जाऊ द्या." आठ दिवसांनी म्हणाले, लेथवाल्याकडचं काम बाकी आहे. मग म्हणाले, पुठ्ठा ओला झाला, माप पुन्हा पाहावं लागेल. नऊ महिने ज्याची वाट पाहिली ते इंजिन इंझोरीत ताडपत्रीखाली पडलं होतं आणि हा माणूस खोकं गाडीतून काढत होता, पुन्हा बसवत होता. एक दिवस माझा तोल गेला.

"भाऊ, काय चाललंय हे? लोक मला हसतात."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं.

"तुमाले बी?" ते म्हणाले.

मी बाहेर पडलो. रस्त्यापर्यंत गोदामाय मागून आली. आतापर्यंत ती माझ्याशी थट्टेनेच बोलत आली होती.

"मास्तर, त्याइच्या मांगं लागू नका. रोज सकाळी खोकं काढतेत, बसवतेत, काढतेत. अन् मले इचारतेत, गोदे, बसलं नाई तं? चाळीस वर्षांत मले हे कधी इचारलं नाई. म्हनतेत, साखळी ओढतानी सारं गाव पाह्यले येईन, अन् बसलं नाई तं बापूले काय सांगू."

ती परत गेली. मी तिथेच उभा होतो. कामरगावची एसटी आली आणि माझ्यासाठी थांबली. कंडक्टरने विचारलं, यायचं का. मी नको म्हणालो.

मला कळलं होतं. उकंडाभाऊंना बापूंना दिलेला शब्द पाळायचा होता, एवढीच त्यांची त्या गाडीत गुंतवणूक होती, आणि शब्द पाळण्यासाठी लागते ती हिंमत मी पंधरा मिनिटांच्या हशासाठी काढून घेतली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी माफी मागायला गेलो. वाक्य पाठ केलं होतं. मराठीच्या शिक्षकाला शोभेल असं सुबक वाक्य होतं. डिझेलच्या रिकाम्या पिंपावर बसलो. उकंडाभाऊ एका जीपपाशी होते. त्यांनी बोनेटवर टकटक केली नाही. खिटी दाबली आणि उघडलं, बस. आणि वाकले तेव्हा मला दिसलं, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खिशाखाली ऑइलचा मोठा डाग होता.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. आणि त्याऐवजी मी म्हणालो, "काय भाऊ, टकटक नाही? उंदीर जेवायला बसलेत का?"

ते किंचित हसले. "जेवले ते. पोट भरलं त्याइचं."

माझ्या जिभेला माफीचं वळणच नव्हतं. आयुष्यभर तिला एकच वळण लावलं होतं. मी चहा घेतला, हवापाण्याचं बोललो आणि पुढच्या रविवारी नक्की म्हणायचं असं ठरवून उठलो. पुढच्या रविवारी शाळेचं संमेलन होतं. त्यानंतरच्या बुधवारी सकाळी, कडुनिंबाखाली चहा घेत असताना, उकंडाभाऊ बसल्या जागी गेले. कप फुटला नाही, गोदामाय सांगते. त्यांनी तो आधी खाली ठेवला होता.

पाडव्यानंतर गोदामायने निरोप दिला. गॅरेजची जागा भाड्याची होती, रिकामी करायची होती, गाडी न्या. सुनंदाला तोवर सगळं कळलेलं होतं. बहुधा पहिल्या दिवसापासूनच कळलेलं होतं. ती म्हणाली, "नेऊ नका. इंजिन तिथेच बसवा. त्यांच्या झाडाखाली."

गावात सलीमभाई नावाचे दुसरे मिस्त्री आहेत. उकंडाभाऊंशी त्यांची चाळीस वर्षं स्पर्धा होती आणि व्हिडिओला तेही हसले होते. इंझोरीहून इंजिन आलं. सलीमभाईंनी आधी खोक्याचं इंजिन बाहेर काढलं आणि कोपऱ्यात भिरकावणार, तेवढ्यात थांबले. चष्मा लावला. पुठ्ठ्याच्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ते मोठ्याने वाचू लागले.

"हा बोल्ट पयले. मागून हात जात नाई." "चेंबर इथून दीड बोट कमी करा, इस्टेरिंगची दांडी वाचते." "ही वायर बापूच्या हारनची. कापू नये." आणि चेनकप्पीच्या खुणेजवळ, "साखळी ओढतानी मास्तरले बोलू देऊ नये."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नाही, पण ते थोडंसं हसले आणि मग डोळे पुसले.

गोदामायने घरातून एक गाठोडं आणलं. त्यात लोखंडाची एक जाड चकती होती. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नव्हती, ती जुळवण्यासाठी लेथवर करून घेतलेली. भोकं पाडलेली, ऑइल लावलेली आणि पांढऱ्या सदऱ्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. लेथवाल्याकडचं काम केव्हाच झालं होतं.

इंजिन उतरवायला सुरुवात झाली तसे रस्त्यावरचे लोक थांबले. बघता बघता पन्नासेक माणसं जमली, मोटारसायकलवाली पोरं सुद्धा. उकंडाभाऊंना जिची भीती होती ती हीच गर्दी. मी साखळी ओढत होतो आणि तोंड मिटलेलं होतं. इंजिन खाली आलं, डावीकडे केसभर सरकलं आणि चार पायांवर बसलं. सलीमभाईंनी पहिला बोल्ट लावला. पान्याची गरज पडली नाही, तो बोटांनीच फिरत आत गेला. दुसराही तसाच. घन कोपऱ्यात उभा होता, त्याला कुणी हात लावला नाही.

"या अल्ला," सलीमभाई पुटपुटले. "हा मानूस समोर असता, तं मी त्याचे पाय धरले असते."

दोन दिवसांत बाकीची जोडणी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बोनेट लावायची वेळ आली. मी घराच्या दाराशी गेलो. मला मागता येईना. गोदामायने परात पुढे केली. त्यात लिंबाएवढे चार गोळे करून ठेवलेले होते. ते चार ठिकाणी ठेवले, बोनेट बंद केलं, उघडलं. सलीमभाईंनी प्रत्येक गोळ्यावर बोट आडवं धरलं. चारही ठिकाणी बोटभर.

इंजिन चालू झालं. आधी काळा धूर, मग करडा, मग नुसता आवाज. विहिरीवरचा तोच आवाज, जरा मवाळ झालेला. गर्दीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि मागून एक पोरगा म्हणाला, "सर, ते करा ना. घरात कोनी हाय का, ते."

तो चेष्टेने म्हणत नव्हता. त्याला खरंच ते तेव्हा हवं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीपाशी गेलो आणि बोनेटवर दोनदा टकटक केली. पुढचे शब्द मला तोंडपाठ होते. त्या आवाजात, त्या मानेसकट, मी ते कमीत कमी शंभर वेळा म्हटले असतील. ते आले नाहीत. मी हात बोनेटवर ठेवून उभा राहिलो. पत्रा थरथरत होता.

गोदामाय पुढे आली. कणकेचे चपटे गोळे तिने तळहातावर एकावर एक घेतले होते, त्यांना ऑइलचा वास येत होता. तिने कान तिरपा केला, अगदी त्यांच्यासारखा, आणि क्षणभर थांबली.

"हाय म्हनते," ती म्हणाली, आणि गोळे घेऊन घरात गेली.

ती सुतळी आता माझ्याकडे आहे. गाडीच्या आरशाला बांधली आहे. नऊ गाठी आहेत.